क्लॅमएव्ही आणि दोन जीबीचा सर्व्हर: दोन महिन्यांच्या नोंदी

कोल्हापूरजवळच्या एका कास्टिंग कारखान्याचा मेल सर्व्हर मी जाऊन-येऊन सांभाळतो. ४२ मेलबॉक्स, दिवसाला हजार-बाराशे मेल. डेबियन १२ लिनक्स, मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारा डोव्हकॉट, मध्ये मेल तपासून घेणारा अमाविस आणि त्याच्या हाताखाली स्पॅम गाळणारा स्पॅमअसॅसिन व फुकटचा अँटिव्हायरस क्लॅमएव्ही १.०. सर्व्हर भाड्याचा, व्हर्च्युअल. २ जीबी रॅम, १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). हाच संच बसवणाऱ्या कुणाचे दोन दिवस वाचावेत म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवतोय. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता असतात.

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

इन्स्टॉल पाऊण तासात झालं, पुढचे तीन तास एका परवानगीपायी गेले.

अमाविस आलेला मेल उलगडून त्याचे तुकडे स्वतःच्या टेंप फोल्डरमध्ये ठेवतो आणि क्लॅमडीला, म्हणजे क्लॅमएव्हीच्या सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रामला, सांगतो, हा फोल्डर तपास. क्लॅमडी चालतो 'क्लॅमएव्ही' या युजरने. त्याला अमाविसच्या फोल्डरमध्ये डोकावता येत नाही. लॉगमध्ये 'एलस्टॅट फेल्ड, पर्मिशन डिनाइड'. मी आधी फोल्डरची परवानगी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, करून पाहिली. ते चुकीचं तर होतंच, शिवाय टिकलंही नाही, कारण प्रत्येक मेलसाठी नवा उपफोल्डर तयार होतो.

उपाय एका ओळीचा: 'अ‍ॅडयूजर क्लॅमएव्ही अमाविस', म्हणजे क्लॅमएव्ही युजर अमाविसच्या ग्रुपमध्ये टाकायचा. हे केल्यावरही एरर जाईना. मी फक्त रीलोड देत होतो. चालू प्रोसेसला नवा ग्रुप मिळत नाही, पूर्ण रीस्टार्ट लागतो. हे माहीत होतं, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही.

चाचणी आयकारने. ६८ अक्षरांची ती निरुपद्रवी ओळ, जिला सगळे अँटिव्हायरस व्हायरस म्हणून ओळखतात. जीमेलवरून पाठवायला गेलो तर तिथेच अडली. मग सर्व्हरवरूनच स्वॅक्स या चाचणी मेल पाठवायच्या कमांडने पाठवली. अमाविसने पकडली, क्वारंटाइनमध्ये टाकली. घरी.

२ मार्च, शनिवार

मालकांना ब्राउझरमधून मेल बघायचा होता. त्यासाठी राउंडक्यूब हा वेबमेल आणि त्याला लागणारं पीएचपी व मारियाडीबी डेटाबेस याच सर्व्हरवर टाकलं. दोन तास. काही अडचण नाही.

(ही नोंद तेव्हा एवढीच होती.)

५ मार्च, मंगळवार

दुपारी सव्वाचारला डिस्पॅचमधून फोन. "भाऊ, मेल जाईना झालाय. गाडी गेटवर उभी हाय, पार्टीला ई-वे बिल पाठवायचंय." मी म्हटलं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तोवर बघतो.

पोस्टफिक्सच्या रांगेत २१२ मेल. सगळे अमाविसच्या दारात, १००२४ पोर्टवर थांबलेले. क्लॅमडीचं स्टेटस विचारलं: हिरव्या अक्षरात 'अ‍ॅक्टिव्ह, रनिंग'. म्हणजे क्लॅमएव्ही ठीक आहे, दोष अमाविसचा, असं मी ठरवून टाकलं. त्याच ओळीत पुढे 'दोन मिनिटांपूर्वीपासून' असं लिहिलं होतं, ते वाचलंच नाही. सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक ही. सर्व्हर शनिवारपासून बंद केलेला नसताना क्लॅमडीचं वय दोन मिनिटं कसं, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता.

त्याऐवजी काय केलं? अमाविसचे कामगार कमी पडतायत असं समजून मॅक्स-सर्व्हर्स २ वरून ६ केले, पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्येही तोच आकडा टाकला. तीन मिनिटांत सर्व्हर गारठला. एसएसएचवर, म्हणजे दुरून सर्व्हर चालवताना, एक अक्षर टाइप केलं की दहा सेकंदांनी उमटायचं. शेवटी होस्टिंगच्या पॅनेलमधून जबरदस्तीने रीबूट.

सहा वाजले होते, मालकांचे दोन फोन येऊन गेले होते. अमाविसच्या कंटेंट-फिल्टरच्या फाइलमध्ये व्हायरस तपासणीच्या ओळीपुढे हॅश टाकला, म्हणजे तपासणीच बंद. रांग वीस मिनिटांत रिकामी झाली. 'मेल सुरू झाला' असा मेसेज टाकून जेवायला गेलो. हॅश टाकल्याचं वहीत लिहिलं नाही.

६ मार्च, बुधवार

सकाळी नवा सिद्धांत: व्हायरसच्या सह्यांचा, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणांचा, डेटाबेस खराब झाला असणार. कशावरून? कशावरूनच नाही. व्हार-लिबमधल्या क्लॅमएव्हीच्या फोल्डरमधलं सगळं पुसलं आणि सह्या उतरवून आणणाऱ्या फ्रेशक्लॅमला पुन्हा उतरवायला लावलं. मेन ही फाइल एकटी १६० एमबीच्या आसपास. क्लॅमडी चालू केला, पुन्हा काही वेळाने मेला. पुन्हा पुसलं, पुन्हा उतरवलं. असं तीनदा.

चौथ्यांदा फ्रेशक्लॅम म्हणाला: ४२९. तुमच्यावर मर्यादा घातली आहे, कूल-डाऊन उद्यापर्यंत. चूक माझीच. एरवी फ्रेशक्लॅम रोज फक्त फरकाच्या छोट्या फाइली आणतो. सगळं पुसून पूर्ण फाइली पुन्हा पुन्हा ओढणं हाच ते पुरवणाऱ्यांना होणारा खरा त्रास, आणि २०२१ पासून त्यांनी यावर लगाम घातलाय. डब्ल्यूगेटने थेट फाइल ओढून पाहिली, तर ४०३, म्हणजे मनाई. तीही वाट मुद्दाम बंद केलेली आहे. फ्रेशक्लॅम स्वतःची नोंद एका 'डॅट' फाइलमध्ये ठेवतो. ती पुसली तर कूल-डाऊन जाईल अशीही एक आशा होती. अडवणूक पलीकडच्या बाजूने आहे, इथलं काहीही पुसून उपयोग नाही.

आता डेटाबेस नाही, म्हणून क्लॅमडी सुरूही होईना. एररसुद्धा नाही. डेबियनच्या सर्व्हिस फाइलमध्ये अट आहे: मेन आणि डेली (रोज ताजी होणारी) या सह्यांच्या फाइली जागेवर असतील तरच सुरू हो. नसतील तर सर्व्हिस सुरू-बंद करणारा सिस्टिमडी शांतपणे 'कंडिशन फेल्ड' म्हणतो आणि बाजूला होतो. हे कळायला एक तास.

मेल मात्र सुरळीत होता, कुणाचा फोन नव्हता. का नव्हता, हा विचार मी केला नाही.

७ मार्च, गुरुवार

घरच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, त्यावर क्लॅमएव्ही टाकलं. दुसरं कनेक्शन, दुसरा आयपी, एकदाच उतरवलं. मेन, डेली, बाइटकोड या तीन फाइली एससीपीने सर्व्हरवर नेल्या. रूटने कॉपी केल्या म्हणून मालकी रूटची राहिली आणि फ्रेशक्लॅमला पुढे त्यात लिहिता येईना. चोन करून क्लॅमएव्ही युजरला दिल्या. क्लॅमडी पाऊण मिनिटात उभा राहिला.

मग एकदाचा कर्नलचा लॉग उघडला. मंगळवारीच उघडायला हवा होता. 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', कंसात क्लॅमडी. मंगळवारी दुपारपासून रीबूटपर्यंत तो अकरा वेळा मारला गेला होता. सोमवारी दुपारीही एकदा, पण तेव्हा गर्दी कमी होती, कुणाला कळलं नाही.

घडत होतं ते असं. क्लॅमडी सगळ्या सह्या मेमरीत घेऊन बसतो. ८६ लाखांच्या वर सह्या, आमच्याकडे सव्वा जीबीच्या आसपास रॅम. नवा डेली आला की फ्रेशक्लॅम त्याला रीलोड सांगतो. आवृत्ती ०.१०३ पासून रीलोडच्या वेळी क्लॅमडी जुना डेटाबेस न सोडता नवा शेजारी उभा करतो आणि मग अदलाबदल करतो, म्हणजे तपासणी क्षणभरही थांबत नाही. सोय चांगली आहे, पण तेवढ्या वेळापुरती मेमरी दुप्पट लागते. फेब्रुवारीत हे स्वॅपच्या आधाराने कसंबसं भागत होतं. २ मार्चला मी राउंडक्यूब आणि मारियाडीबी शेजारी बसवलं आणि उरलेली जागा संपली. क्लॅमएव्हीत काहीच बदललेलं नव्हतं, म्हणून मी फेब्रुवारीपासून काय बदललं हे शोधतच नव्हतो.

पण क्लॅमडी मेला तर मेला, सर्व्हर का गारठावा? त्याचं उत्तर अमाविसच्या लॉगमध्ये होतं: सगळे प्रमुख स्कॅनर अयशस्वी, बॅकअपचा विचार करतोय. अमाविसच्या यादीत क्लॅमडी प्रमुख आणि क्लॅमस्कॅन राखीव. क्लॅमस्कॅन हा डीमन, म्हणजे कायम चालू राहणारा प्रोग्राम, नाही. तो प्रत्येक मेलसाठी नव्याने सुरू होतो, ८६ लाख सह्या पहिल्यापासून वाचतो, एक मेल तपासतो आणि बंद होतो. दर मेलला अर्धा-पाऊण मिनिट आणि एक जीबीच्या वर रॅम. त्यात मी कामगार सहा केले होते. दोन जीबीच्या घरात सहा क्लॅमस्कॅन!

आणि 'रनिंग'चं कोडं: डेबियनमध्ये क्लॅमडीचं सॉकेट, म्हणजे त्याच्याशी बोलायचं दार, सिस्टिमडी स्वतःच्या हातात ठेवतो. क्लॅमडी मेला तरी सॉकेट जिवंत. पुढच्या मेलने दार वाजवलं की सिस्टिमडी क्लॅमडीला पुन्हा उठवतो. तो सह्या वाचत असतानाच अमाविसचा धीर सुटतो, तो क्लॅमस्कॅन बोलावतो, दोघांची मेमरीसाठी झटापट, कर्नल एकाला मारतो, पुन्हा पहिल्यापासून. मी कधीही स्टेटस बघितलं तरी तो नुकताच उठलेला असायचा.

क्लॅमडीच्या कॉन्फमध्ये 'कॉन्करंट-डेटाबेस-रीलोड' नो केलं. आता रीलोडच्या वेळी तो जुना डेटाबेस आधी सोडतो. तेवढं पाऊण मिनिट मेल ताटकळतो, चालेल. मॅक्स-सर्व्हर्स परत २.

८ मार्च, शुक्रवार, महाशिवरात्र

ऑफिसात माणसं कमी म्हणून निवांत चाचणी घ्यायची ठरवली. आयकार पाठवली. आली. सरळ इनबॉक्समध्ये, जशीच्या तशी.

दहा मिनिटं क्लॅमडीला शिव्या घातल्यावर मंगळवारचा हॅश आठवला. ५ मार्चच्या संध्याकाळपासून ८ च्या सकाळपर्यंत एकही मेल तपासला गेला नव्हता. फोन येत नव्हते ते म्हणूनच. हॅश काढला, आयकार पुन्हा पाठवली, पकडली गेली.

मग राहिलेल्या मेलांची झडती. क्लॅमडीकडून फाइली तपासून घेणाऱ्या क्लॅमडीस्कॅन या कमांडला मेलबॉक्सच्या फोल्डरवर सोडलं तर प्रत्येक फाइलपुढे 'पर्मिशन डिनाइड', कारण मेलबॉक्स दुसऱ्याच युजरचे. इथे ग्रुप जोडायची गरज नाही. 'एफडीपास' हा पर्याय दिला की क्लॅमडीस्कॅन रूटने फाइल उघडतो आणि उघडलेली फाइल सॉकेटमधून क्लॅमडीच्या हातात देतो. शोधून तीन दिवसांच्याच फाइली दिल्या, अकरा मिनिटांत झालं. दोन सापडल्या. दोन्ही खोट्या पेमेंट अ‍ॅडव्हाइसच्या नावाने आलेल्या, एक स्टोअरच्या मेलबॉक्समध्ये, एक परचेसच्या. परचेसवाल्यांनी उघडली नव्हती. स्टोअरवाले म्हणाले, "उघडली, पण काय दिसलंच नाही." त्यांचं मशीन नेटवर्कवरून काढून सोमवारी फॉरमॅट केलं. चार तास, आणि त्यांचा दिवसभराचा खोळंबा वेगळा.

मालकांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, फुकटच्या गोष्टी अशाच असतात, विकतचा घ्या. मी म्हटलं, या सह्या सिस्कोची टॅलॉस टीम काढते, फुकट असलं तरी कच्चं काम नाही. हॅश मी टाकला होता. विकतच्या अँटिव्हायरसपुढेही टाकलाच असता.

९ मार्च, शनिवार

दुपारी नवा डेली आला आणि पुन्हा मेमरी संपली. या वेळी मेलेल्याचं नाव क्लॅमडी नाही, फ्रेशक्लॅम.

फ्रेशक्लॅम उतरवलेली फाइल जागेवर ठेवण्याआधी स्वतः मेमरीत चढवून तपासतो. त्या वेळी क्लॅमडी जुन्या सह्या घेऊन बसलेलाच असतो. म्हणजे गुरुवारचा उपाय अर्धाच होता. फ्रेशक्लॅमच्या कॉन्फमध्ये 'टेस्ट-डेटाबेसेस' नो करता येतं. पण मग एखादी अर्धवट उतरलेली फाइल सरळ क्लॅमडीच्या गळ्यात, आणि ते पाहायला दुपारी तिथे मी नसतो. ही तपासणी काढणं मला पटेना.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं: सर्व्हर ४ जीबीचा केला. भाडं महिन्याला ९०० चं १,७०० झालं. हे ८०० रुपये वाचवायला मी चार दिवस घातले होते. मालकांनी आकडा ऐकून एवढंच विचारलं, "आधी का नाही सांगितलं?" टेस्ट-डेटाबेसेस चालूच ठेवलं. कॉन्करंट रीलोड मात्र नोवरच आहे, कारण इथे पाऊण मिनिटाची घाई कुणालाच नाही.

दुसरी गोष्ट: अमाविसच्या राखीव स्कॅनरांच्या यादीतून क्लॅमस्कॅन काढून टाकला. ती यादी आता रिकामी आहे. क्लॅमडी पडला तर अमाविस ४५१, म्हणजे 'आत्ता नाही, नंतर पाठव', देईल, मेल पोस्टफिक्सच्या रांगेत थांबेल आणि पुन्हा प्रयत्न होत राहील. पोस्टफिक्स मूळ सेटिंगला पाच दिवस मेल धरून ठेवतो. तेवढ्यात मी जागा होईनच. काही जण म्हणतील राखीव हवाच. मोठी रॅम असेल तर ठेवा. छोट्या सर्व्हरवर तो राखीव खेळाडू मैदानच उकरून ठेवतो.

१४ मार्च, गुरुवार

अकाउंटच्या मॅडमचा फोन. "सर, बँकेचं एकही स्टेटमेंट आलं नाही सोमवारपासून. उद्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सची तारीख आहे." बँकेने पाठवलंय म्हणतात, इथे आलं नाही म्हणतात.

हेही माझंच. स्टोअरच्या प्रकरणाने हादरून रविवारी क्लॅमडीत 'अलर्ट-एन्क्रिप्टेड' येस केलं होतं. कुलूपबंद झिपमधून व्हायरस येतात, ते अडतील एवढाच हेतू. पण हा पर्याय झिपबरोबर पासवर्डवाल्या पीडीएफलाही व्हायरस ठरवतो. आणि आपल्याकडे बँकेचं स्टेटमेंट, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, पगाराची स्लिप, झाडून सगळं पासवर्डवाल्या पीडीएफमध्ये येतं. डेबियनवर अमाविसची मूळ चाल अशी की व्हायरसवाला मेल गुपचूप क्वारंटाइनमध्ये, पाठवणाऱ्यालाही निरोप नाही, घेणाऱ्यालाही नाही.

क्वारंटाइनच्या फोल्डरमध्ये ३१ मेल, त्यातले २९ 'ह्युरिस्टिक्स एन्क्रिप्टेड पीडीएफ'. अमाविसच्या रिलीज कमांडने एकेक सोडले. मूळ पर्याय नो केला आणि त्याच्या जागी फक्त 'अलर्ट-एन्क्रिप्टेड-आर्काइव्ह' येस. झिप अडतील, पीडीएफ जातील. दीड तास, आणि मॅडमचा चहा मीच पाजला.

२० मार्च, बुधवार

डिझाइनमधून येणाऱ्या ड्रॉइंगच्या झिप ३०-३५ एमबीच्या. पोस्टफिक्सची मर्यादा आधीच वाढवलेली आहे. सहज क्लॅमडीचं कॉन्फ पाहिलं, तर मॅक्स-फाइल-साइझ २५ एमबी. याहून मोठी फाइल तो अडवत नाही, न तपासता 'स्वच्छ' म्हणून सोडतो. ६० केलं. सीपीयूवर फरक जाणवला नाही.

३० मार्च, शनिवार, रंगपंचमी

रोज सकाळी सातला चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती क्लॅमडीला 'पिंग' पाठवते, 'पाँग' आलं पाहिजे. क्लॅमडी किती वेळापासून चालू आहे ते बघते, आणि तासाहून कमी असेल तर ओरडते. डेलीची तारीख बघते. शेवटी एका चाचणी मेलबॉक्सला आयकार पाठवते आणि पाच मिनिटांनी तो मेलबॉक्स रिकामाच आहे ना हे पाहते. ओरडणं मेलने नाही, एसएमएसने. मेलच बंद असेल तर मेलने काय कळणार.

आतापर्यंतचा हिशेब: माझे सुमारे २६ तास, त्यातले निम्मे ५ आणि ६ तारखेला चुकीच्या ठिकाणी खणण्यात. पैशांत ८०० रुपये महिना आणि एक फॉरमॅट.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सकाळी सात वाजून सहा मिनिटांनी स्क्रिप्टचा पहिला एसएमएस. गुढी अर्धी बांधून लॅपटॉप उघडला. क्लॅमडीचं वय ४० मिनिटं. कर्नलचा लॉग कोरा, मेमरी अर्धी मोकळी. पहाटे डेबियनच्या आपोआप अपडेटने सर्व्हर रीबूट केला होता. आयकार पकडली गेली होती. स्क्रिप्टमध्ये सर्व्हरचं स्वतःचं वयही तपासायची एक ओळ वाढवली. क्वारंटाइनमध्ये साठलेल्या अकरा आयकार पुसल्या आणि त्या आठवड्याने आपोआप जाव्यात म्हणून क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामला, लावून दिलं.